आखूड पायाची पँट

दुपारी डबा उघडत होतो तेव्हा घरतदादांच्या मुलीचा, रेश्माचा फोन आला. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली आणि फोन तसाच चालू राहिला... मागे कुणाचं तरी रडणं, भांडी सरकवल्याचा आवाज, गल्लीतून जाणारी रिक्षा. मी डबा झाकून ठेवला. बेलापूरच्या आमच्या ऑफिसात घरतदादांना ओळखणारे आता थोडेच उरलेत. शेजारच्या टेबलावरच्या नव्या मुलीला मी सांगितलं, घरत साहेब गेले. ती म्हणाली, "कोण, ते कयाकवाले?" मी हो म्हटलं. ज्या टेबलावर त्यांनी उभी नोकरी काढली ते टेबल कुणाच्या लक्षात नव्हतं, निवृत्तीनंतरची ती पिवळी होडी तेवढी राहिली होती. दादांना हे आवडलं असतं, असं त्या क्षणी वाटलं आणि मग मला तिथे बसवेना.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. दहावीपर्यंत शाळेची खाकी हाफ पँट घातली. फुल पँट अंगावर आली ती कॉलेजात, तीसुद्धा मामाच्या मुलाची, कमरेला चुण्या घालून. नोकरीची ऑर्डर आली तेव्हा आईने टेरिकॉटचं कापड आणून एक पँट शिवून घेतली. ती घालून मी बेलापूरला रुजू झालो आणि त्याच दिवशी, खुर्चीतून उठताना, एका खिळ्यात अडकून ती मागून टरकन फाटली. मी परत खाली बसलो. कुणी हाक मारली तरी उठेना. हेडक्लार्क घरत साहेब दोनदा बघून गेले, तिसऱ्यांदा जवळ येऊन हळूच म्हणाले, "काय अडचण आहे?" मी घाबरून म्हणालो, "साहेब, कृपया मला मार्गदर्शन करावे." ते गालात हसले. मग म्हणाले, "मास्तर, उठा. मी मागे चालतो, तुम्ही पुढे चला." माझ्या पाठीला चिकटून चालत त्यांनी मला रेकॉर्ड रूममध्ये नेलं. पावसाळ्यात भिजून आलं तर असावी म्हणून त्यांच्या कपाटात एक जादा पँट कायम असे. ती मला दिली. कंबर माझ्या दीडपट. त्यांनी फाइल बांधायची पांढरी नाडी काढली, पट्ट्याच्या लुप्यांमधून ओवली, पोटावर गाठ मारली आणि म्हणाले, "सरकारी माणसाची अब्रू अशीच बांधलेली असते. आता जा, सही कर." माझ्या त्या पुस्तकी वाक्यापायी त्या दिवसापासून मी 'मास्तर' झालो, आणि ते माझे दादा.

दादा मूळचे शिरवण्याचे. त्यांच्या घरची थोडी भातशेती होती आणि खाडीवर मासेमारी. शहर वसवायला जमीन गेली, त्या बदल्यात दादांना नोकरी लागली. त्यांचे वडील आयुष्यभर कमरेला रुमाल गुंडाळून, म्हणजे तिकोनी लंगोट लावून, खाडीत उतरले. दादा सांगायचे, "बापानं जल्मात पँट घातली नाय. पन मना नोकरी लागली तवा स्वता पनवेलला नेला, आनि दुकानदाराला सांगतो कसा, याला साहेबाची पँट दाखव." म्हणून असेल, पण दादांच्या पँटीची इस्त्री कधी मोडलेली मी पाहिली नाही. ऑफिसात ते अगदी शुद्ध बोलत. घराच्या उंबऱ्यात पाय ठेवला की आधी चप्पल सुटायची, मग ण सुटायचा. मला राहायला जागा मिळेना तेव्हा त्यांनी वरच्या मजल्यावरची खोली दिली. वहिनींनी मासे, त्यातही काटेरी बोईट, खायला शिकवलं. काटा घशात अडकला की भाताचा कोरडा गोळा गिळायला लावायच्या आणि म्हणायच्या, "मास्तरला पुस्तक वाचता येतं, बोईट वाचता येत नाय." माझं लग्न झालं, मी नेरूळला फ्लॅट घेतला, तरी रविवारचं जेवण बरीच वर्षं त्यांच्याकडेच राहिलं.

निवृत्तीनंतर दादा वर्षभर नुसते ओट्यावर बसून होते. शुगर वाढली, औषधं वाढली. वहिनींना काळजी वाटायला लागली. मग कुठल्याशा सोसायटीतल्या एका माणसाची प्लास्टिकची जुनी कयाक विकायला निघाली आणि दादा ती टेम्पोत घालून घरी घेऊन आले. पिवळीधम्मक, लांबट, वर एकाच माणसाला बसायला खोलगट जागा. नोकरी लागल्यापासून ते खाडीत उतरलेच नव्हते. वडिलांची होडी कधीच कुजून गेली होती. "माझी पँट भिजेल म्हनून बाप मना होडीन घ्यायचा नाय," असं ते एकदाच बोलले होते, तेही हसत.

आता पँट भिजणारच होती. कयाकमध्ये माणूस पाण्याच्या वर बसतो खरा, पण वल्ह्याचं पाणी ओघळून बैठकीत साचतं आणि मग तासन् तास त्यात बसावं लागतं. पहिल्या दिवशी दादा ऑफिसची जुनी टेरिकॉट घालून आले. पाय लांब करून बसताना तिची मागची शिवण उसवली. जेट्टीवर मी एकटाच होतो, तरी त्यांनी आधी इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "मास्तर, आज तू मागं चाल." दुसऱ्या खेपेला जीन्स. ती भिजली की गोणपाटासारखी जड व्हायची, आणि मांड्या सोलपटून निघाल्या. शुगरच्या माणसाला ते बरं नव्हे, म्हणून वहिनींनी जीन्स उचलून माळ्यावर टाकली. मग रेश्माने ट्रॅक पँट आणून दिली. तिच्या सैल विणीत गळ अडकला, तो सोडवण्याच्या भानगडीत हातातला मासा गेला, वर पँटला भोक. घरी येऊन दादा म्हणाले, "बापाच्या रुमालान यातला काय पन नव्हता." वहिनी ताडकन म्हणाल्या, "मग लावा रुमाल. सगली सोसायटी बघायला येल."

तेव्हा मी त्यांना वाशीच्या एका खेळाच्या सामानाच्या दुकानात घेऊन गेलो. माझ्या मनात होतं की ही पँट मीच घेऊन देणार. पहिल्या दिवशीच्या त्या पँटीची परतफेड होत नसते, पण इच्छा तर होतेच. दादा ट्रायल रूममधून बाहेर आले ते थेट दुकानाच्या फरशीवर बसले, पाय समोर ताणले आणि हातातली छत्री वल्ह्यासारखी डावी-उजवीकडे मारू लागले. गिऱ्हाइकं बाजूला झाली. सेल्समन पोरगेला होता, तो म्हणाला, "काका, आरशात बघा ना, लूक मस्त आहे." दादा म्हणाले, "लूक मासा बघनार का? मना सांग, बसल्यावर ही मांडीत का ओढते?" त्यांनी चार-पाच पँटी अशा बसून पाहिल्या. एकीच्या मागच्या खिशाला बटण होतं, ते बैठकीत रुतायचं. दुसरीचा पाय खाली इतका सैल की वल्ह्याचं पाणी आत शिरलं असतं. शेवटी राखाडी रंगाची एक मिळाली. पातळ पण चिवट कापड, दोन पायांच्या मधे वेगळा तुकडा जोडलेला, गुडघ्याला आणि बैठकीला दुहेरी कापड, मागे खिसा नाही, कमरेला नाडी आणि घोट्याला आवळायची दोरी. दादांनी प्यायला पाणी मागितलं आणि ग्लासातलं अर्धं मांडीवर ओतलं. "अहो काका!" सेल्समन ओरडला. "थांब जरा," म्हणून दादा पंख्याखाली उभे राहिले. बघता बघता कापड कोरडं झालं, ओलाव्याचा माग राहिला नाही. "हीच," ते म्हणाले. त्याच दुकानातून मी पाण्यात घालायचे रबरी बूटही घेतले, कारण डॉक्टरांनी पायांना जपायला सांगितलं होतं. तळव्यांना बधिरता आली होती. चटका बसला तरी त्यांना कळत नसे.

बूट त्यांनी एकदाही घातले नाहीत. खाडीत उतरताना दादा काठावर चप्पल काढत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडत, वाकून ओंजळीत पाणी घेऊन कपाळाला लावत आणि मग पाय टाकत; होडीत बसले की पँट परत खाली सोडत. त्यांचे वडील असंच करायचे, आजोबाही. मी बूट पुढे केले की म्हणायचे, "तू विहारान बूट घालून जातस का?" मी म्हणायचो, आमच्या बुद्धविहारात फरशी असते दादा, इथे कालवांचे धारदार शिंपले आहेत, काचा आहेत. "असूदे," म्हणून ते बूट कयाकच्या झाकणाच्या कप्प्यात टाकायचे, माझा मान राखायला. वहिनींनी सांगून पाहिलं, रेश्मा रडली, डॉक्टर ओरडले. इतर सगळ्या बाबतीत दादा ऐकणारे होते. साखर सोडली, भात कमी केला, गोळी चुकवली नाही. या एका गोष्टीत त्यांच्याशी बोलता येत नसे. मला पोहता येत नाही, म्हणून मी जेट्टीच्या दगडावर बसून राहायचो. दूर तिवरांच्या कडेने ती पिवळी होडी सरकत जाताना दिसायची. आणि खरं सांगतो, तितका स्वस्थ बसलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. त्या रविवारी दादांना दोन चांगली बोईटं मिळाली होती. काठाला आले तेव्हा बैठकीतल्या पाण्याला लालसर रंग होता आणि पँटीच्या उजव्या पायावरही, घोट्याजवळ, लाल ओघळ होता. मी विचारलं. ते म्हणाले, "माशाचा रगत हाय." ओंजळीने पाणी मारून त्यांनी पँट धुतली. उन्हात उभे राहून बोलेपर्यंत ती वाळली. मला पाय पुढे करून दाखवली, "बघ मास्तर, डाग पन राहिला नाय. काय पँट घेतलीस!" ते रक्त माशाचं नव्हतं. उतरताना कालवाची धार तळव्यात खोल घुसली होती आणि त्यांना कळलं नव्हतं. घरी वहिनींनी पँट हातात घेतली तेव्हा ती कोरडी आणि स्वच्छ होती. चार दिवसांनी खोलीत वास यायला लागला, तेव्हा रेश्माने वाकून पाय बघितला.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. आधी अंगठा काढला. जखम भरेना. मग पाऊल. मग डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावलं आणि गुडघ्याच्या खाली बोट ठेवून दाखवलं, इथून. ते म्हणाले, त्या पाण्यात काय काय येतं याची तुम्हाला कल्पना नाही. मला होती. पावसाळा संपला की कारखान्यांच्या बाजूने पाण्यावर जो तवंग येतो तो मी त्याच दगडावर बसून बघत आलो होतो. ऑपरेशननंतर दादा शुद्धीवर आले तेव्हा चादर उजव्या बाजूला सपाट होती. त्यांनी हाताने ती बाजू चाचपून पाहिली. मग मला म्हणाले, "आता चप्पल एकच काढावी लागेल." मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

घरी आणल्यावर त्यांनी एकच धोशा लावला. कयाकमध्ये पाय कशाला लागतो? बसायचंच तर असतं. दोघांनी धरून बसवलं की झालं, वल्हं हातातच आहे. भांग लागला की, म्हणजे ज्या दिवसांत पाणी फार चढत-उतरत नाही तेव्हा, एकदा जाऊन यायचं. वहिनी स्वयंपाकघरातून ओरडल्या, "एक पाय दिला खाडीला, आता उरलेला पन द्याचा हाय का?"

"खाडीनं नाय घेतला. शुगरनं घेतला."

"शुगर काय कालवान होती?"

दादा तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिले, आणि त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी वहिनींनीच ती राखाडी पँट माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "एक पाय कमी करून आन. नुसती घालून बसूदे. पान्यान कोन नेनार हाय?" पण माझ्या डोळ्यांत बघून बोलल्या नाहीत. त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, की एकदा तरी न्यावं लागेल. मी मनाशी ठरवलं होतं... पोहायला येत नसलं तरी कमरेएवढ्या पाण्यापर्यंत होडी धरून चालायचं.

नेरूळ स्टेशनच्या बाहेर कपडे अल्टर करणारा एक जण मशीन टाकून बसतो. मी पँट पुढे ठेवली. त्याने टेप काढली, "किती कमी करू? दोन्ही सारखे ना?" मी म्हणालो, उजवा पाय गुडघ्याच्या खाली एवढा ठेवून कापायचा आणि टोक बंद शिवायचं. "आनि डावा?" "डावा राहू दे." तो हसला, "साहेब, नाटकाला पाहिजे काय?" मी कापायची जागा पुन्हा बोटाने दाखवली. त्याचं हसू हळूहळू गेलं. कात्री त्या चिवट कापडावर नीट चालेना, त्याने दोनदा जोर लावला. मग म्हणाला, "शिवन बाहेरून घेतो. आतून टोचायला नको." पँट दिल्यावर कापलेला तुकडाही त्याने घडी घालून पिशवीत टाकला. कापड चांगलं आहे, राहू द्या, म्हणाला. मी ती पिशवी घेऊन चालत शिरवण्याला गेलो. रिक्षात बसावंसं वाटेना.

दादांनी पँट चढवली तर कंबर सैल. इतके उतरले होते की तिची स्वतःची नाडी आवळूनही ती ठरेना. "मास्तर, फाइलची नाडी हाय का?" त्यांनी विचारलं आणि आम्ही दोघे हसलो, खूप दिवसांनी. माझ्या ऑफिसच्या बॅगेत होती. या खेपेला लुप्यांमधून ओवून गाठ मी मारली. मग त्यांनी कयाक गल्लीत काढायला लावली. ती ओट्याच्या बाजूला भिंतीशी उभी करून ठेवलेली होती, तिच्यावर धूळ साचली होती. आम्ही ती घरासमोर आडवी ठेवली. मी आणि रेश्माने त्यांना दोन्ही बाजूंनी धरून आणलं. बसायच्या आधी ते थांबले. म्हणाले, "थांबा." एका हाताने माझा खांदा धरला आणि डाव्या पायातली चप्पल काढली. कोरड्या सिमेंटच्या गल्लीत. मग रेश्माकडे तांब्याभर पाणी मागितलं. ओंजळीत घेतलं, कपाळाला लावलं, आणि मग आम्ही त्यांना बसवलं. त्यांनी वल्हं हातात घेऊन हवेत फिरवलं, डावीकडे, उजवीकडे. शेजारपाजारचे लोक दारात येऊन उभे होते. वहिनी आत निघून गेल्या. "बसायला बरी हाय," दादा म्हणाले, "मांडीत ओढत नाय." आणि मला म्हणाले, "येता भांग."

भांग आला तेव्हा ते पुन्हा हॉस्पिटलात होते. दुसऱ्या पायाला जखम झाली होती, मग जखमेचं विष रक्तात गेलं. शेवटी भेटलो तेव्हा ओळख होती, बोलणं नव्हतं. त्यांचे दोन्ही हात चादरीवर हलत होते, एक पुढे, एक मागे. नर्सने विचारलं, यांना काही हवंय का? मी नाही म्हणालो. तीन दिवसांनी डबा उघडताना तो फोन आला.

बाराव्यानंतर त्यांचे कपडे वाटले. गेलेल्याचे कपडे घरात ठेवत नाहीत. इस्त्रीच्या पँटी उरणच्या पुतण्याने नेल्या, शर्ट ज्याला जे येतील ते गेले, मी एक स्वेटर घेतला. ते रबरी बूट कयाकच्या कप्प्यात निघाले, दुकानातली कागदाची चिठ्ठी तशीच लटकलेली. तेही कुणीतरी नेले. राहिली ती एक पँट. ती कुणाला येणार? पुतण्या म्हणाला, "काकी, खाडीन सोडून देतय." वहिनी म्हणाल्या, "खाडीला अजून काय काय द्याचा?" आणि पँट उचलून दाराच्या मागच्या खिळ्याला लावली. फाइलची नाडी अजून तिच्यात आहे.

रविवारी मी जातो. वहिनी घरातल्या कपड्यांबरोबर ती पँटही धुतात. ओट्याच्या दोरीवर ती वाळत असते. वारा आला की डावा पाय फडफडतो, उजवा बंद असल्यामुळे नुसता फुगतो आणि परत बसतो. शेजारी चिमट्याने तो कापलेला तुकडाही लावलेला असतो. साड्या, टॉवेल ओले असतात तेव्हाच ही दोन्ही वाळून जातात. मग वहिनी उठतात. पँट खांद्यावर टाकतात आणि तो तुकडा आधी उलटा, मग सुलटा, उन्हाकडे धरून बराच वेळ बघत राहतात. "सुती असती तर तवा डाग दिसला असता रे," मागच्या रविवारी त्या म्हणाल्या. मी जवळ जाऊन बघितलं. राखाडी कापड होतं, घोट्याला आवळायची दोरी होती. डाग नव्हता. त्यांनी तुकड्याची घडी घातली आणि विचारलं, "जेवतस ना?"